एल्सिनोरचा पहारा

सूडाच्या नाटकात भूत आणावयाचे तर ते आरंभीच आणावे आणि त्याच्याकडून सगळी हकीकत वदवून घ्यावी, असा युरोपीय रंगभूमीचा जुना शिरस्ता होता. रोमन नाटककार सेनेका याच्या 'थायेस्टीझ' नाटकात प्रथम टँटलसचे भूत पाताळातून वर येते आणि आपल्या कुळावर कोसळणाऱ्या अनर्थाचे सूतोवाच करते. त्याच्याच 'अ‍ॅगमेम्नॉन'मध्ये हे काम थायेस्टीझच्या भुताकडे आहे. आणि शेक्सपिअरच्या उमेदवारीच्या काळात लंडनमध्ये गाजलेल्या टॉमस किडच्या 'स्पॅनिश ट्रॅजेडी'त तर लढाईत मारल्या गेलेल्या आंद्रेआचे भूत, मूर्तिमंत सूडालाच सोबतीला घेऊन, रंगमंचावर ठाण मांडते, आपण कसे मेलो आणि परलोकाच्या दरबारात आपल्या प्रकरणाची वाट कशी लागली याची सविस्तर कैफियत सादर करते आणि नाटक संपेपर्यंत तेथून हलत नाही. अशा नाटकाचा प्रेक्षक निर्धास्त असतो. परलोक आहे की नाही, मेलेला माणूस खरे बोलतो की खोटे, त्याच्या सांगण्यावरून जिवंताचा जीव घेणे धर्म्य की अधर्म्य, यांपैकी कशाचीच त्याला पंचाईत पडत नाही. कारण भुताची जबानी ही नाटककाराचीच जबानी आहे हे त्याने तिकिटाच्या पैशाबरोबरच मान्य केलेले असते.

हॅम्लेटच्या कथेवर शेक्सपिअरच्या आधीही एक नाटक लंडनमध्ये होऊन गेले होते. त्यातले भूत बोलके होते, इतकेच नव्हे तर वाजवीपेक्षा अधिक बोलके होते. कारण हॅम्लेटला सूडासाठी हाका मारणारे ते भूत, कालवे विकणाऱ्या बाईसारखे केविलवाणे ओरडते, अशी टर टॉमस लॉज या लेखकाने १५९६ साली उडवलेली आहे. इ. स. १६०० च्या सुमारास शेक्सपिअरने तो विषय हाती घेतला तेव्हा त्याने भूत पहिल्या प्रवेशातच ठेवले, दोनदा आणले, शिरस्ता पाळला. फक्त त्याची वाचा काढून घेतली. या एका फेरफाराने सूडनाटकाचे जे झाले, ते शोकांतिकेच्या इतिहासातले मोठे स्थित्यंतर होय असे मला वाटते. शोकांतिकेचा पहिला प्रवेश पुढील विषयाची प्रस्तावना कशी करतो, या प्रश्नाचा निकाल पाठ्यपुस्तके 'वातावरणनिर्मिती' या एका शब्दात लावून मोकळी होतात, आणि थंडी, मध्यरात्र, तटबंदी, घड्याळाचे ठोके यांची यादी देऊन विद्यार्थ्याला गुणांची सोय करून देतात. थंडी आहे, मध्यरात्र आहे, हे खरेच. परंतु या प्रवेशाची खरी सामग्री हवा नसून एक प्रश्न आहे, आणि तो प्रश्न धर्मशास्त्राचा आहे: मृताचे जिवंतावर काही देणे असते काय, असल्यास ते मागावयास आलेला तो खरोखर मृतच आहे हे कशावरून ओळखावे, आणि ते देणे फेडण्याचा मार्गच धर्माने बंद करून टाकला असेल तर माणसाने काय करावे?

प्रथम डेन्मार्कच्या एल्सिनोर किल्ल्यावरचा तो पहारा पाहू. ग्लोब नाट्यगृह १५९९ साली थेम्सच्या दक्षिण तीरावर उभे राहिले. ते मधोमध वरून उघडे होते आणि खेळ दुपारी, उजेडात होत. तेव्हा डोळ्यांपुढे लख्ख ऊन पडलेले असताना मध्यरात्र निर्माण करावयाची ती केवळ शब्दांनीच. आणि अंधाराचे वर्णन करून नव्हे तर, दोन माणसे हाताच्या अंतरावर उभी असूनही एकमेकांना ओळखत नाहीत एवढेच दाखवून, शेक्सपिअर ती निर्माण करतो. पहाऱ्याचा नियम असा की तैनातीवर असणाऱ्याने येणाऱ्याला हटकावे, ओळख पटवून घ्यावी आणि मगच पुढे येऊ द्यावे. येथे येणारा बर्नार्डोच आधी हटकतो, कोण आहे म्हणून विचारतो. आणि तैनातीवरचा फ्रान्सिस्को, उत्तर देण्याचे काम माझे नव्हे, आधी तू आपली ओळख दे, असे त्याला बजावतो. घाबरलेला माणूस नियम विसरतो, एवढाच याचा अर्थ घेतला तरी प्रवेश जिवंत होतो. तथापि या उलट्या हटकण्यात पुढच्या पाच अंकांची रीतच पक्की होऊन जाते. ज्याला विचारण्याचा अधिकार आहे त्यालाच येथे जाब द्यावा लागतो, आणि ज्याने आपली ओळख द्यावयाची तोच दुसऱ्याची ओळख मागतो. हॅम्लेट आपल्या मित्रांना, मित्र हॅम्लेटला, राजा पुतण्याला आणि पुतण्या राजाला शेवटपर्यंत असेच हटकत राहतात.

फ्रान्सिस्को सुटकेबद्दल आभार मानतो, थंडी कडाक्याची आहे असे म्हणतो आणि जाता जाता, आपले मन खिन्न आहे, असेही सांगून जातो. त्याला भूत दिसलेले नाही. त्याच्या पहाऱ्यात काहीही घडलेले नाही. तो नाटकात पुन्हा येत नाही. त्याच्या खिन्नतेचे कारण त्याला कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. टीकाकारांना अशी विनाकारण वाक्ये आवडत नाहीत. मला मात्र या सामान्य शिपायाचे ते वाक्य नाटकातल्या पुष्कळ स्वगतांपेक्षा मोलाचे वाटते, कारण राज्यात काहीतरी नासले आहे हे ज्यांना पुराव्याने ठाऊक नसते त्यांनाही ते जाणवत असते, ही गोष्ट त्याने एका ओळीत आणि कुठलाही सिद्धांत न मांडता दाखवून दिली आहे.

मग होरेशियो येतो. हा विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकलेला गृहस्थ. त्याला मुद्दाम आणले आहे ते साक्षीसाठी. मार्सेलस आणि बर्नार्डो यांनी दोन रात्री ते रूप पाहिले आहे, त्यांनी त्याला सांगितलेही आहे, आणि त्याने, हा तुमचा भास, म्हणून ते उडवून लावले आहे. आपल्याकडील प्रमाणशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर शब्दप्रमाण त्याने नाकारले आहे आणि प्रत्यक्षाची मागणी केली आहे. ते प्रत्यक्ष लगेच पुढे येऊन उभे राहते, आणि तेही मोठ्या युक्तीने. बर्नार्डो कालच्या रात्रीची हकीकत सावकाश सांगावयास बसतो, कोणता तारा कुठे होता इथपासून सुरुवात करतो, आणि वाक्य अर्धे असतानाच हकीकतीतली वस्तू समोर येते. शब्द संपण्याच्या आधी प्रत्यक्ष हजर होते. होरेशियो पांढराफटक पडतो, थरथरतो. बर्नार्डो काहीशा विजयी स्वरात, आता काय म्हणतोस, असे विचारतो. आणि होरेशियो देवाची शपथ घेऊन कबूल करतो की स्वतःच्या डोळ्यांची साक्ष नसती तर यावर आपण कधीच विश्वास ठेवला नसता.

साधारण नाटककार येथे थांबला असता. नास्तिकाची खोड मोडली, प्रेक्षक खूश झाला. परंतु खरी मेख यापुढेच आहे. डोळ्यांच्या साक्षीने सिद्ध झाले ते एवढेच, की काहीतरी आहे. ते काय आहे हे मुळीच सिद्ध झाले नाही. चिलखत तेच, जे नॉर्वेच्या राजाशी झालेल्या द्वंद्वात मृत राजाने घातले होते, कपाळाची आठी तीच, चाल तीच. संध्याकाळच्या अंधुक उजेडात दूर दिसणारी उभी आकृती खुंट की पुरुष, हे नैयायिकांचे संशयाचे नेहमीचे उदाहरण आहे. दोघांना समान असलेला उंचपणा दिसतो, दोघांना वेगळे करणारी खूण दिसत नाही, आणि म्हणून संशय उत्पन्न होतो. येथे नेमके तेच झाले आहे. राजाच्या आत्म्याला आणि राजाचे रूप पांघरून आलेल्या दुसऱ्या कशालाही समान असणाऱ्या सर्व खुणा डोळ्यांना दिसल्या. वेगळे करणारी खूण केवळ बोलण्यातून मिळण्यासारखी होती, आणि ते बोलत नाही. प्रत्यक्षाने एक लहान संशय फेडून त्याच्या जागी त्याहून मोठा संशय आणून बसवला. पुढे हॅम्लेटला शंका येते की हे रूप कदाचित सैतानाचेही असेल. त्याबद्दल त्याला दिरंगाईखोर म्हणून दोष देणाऱ्यांनी हा प्रवेश पुन्हा वाचावा. ती शंका त्याच्या मनाच्या दुबळेपणातून आलेली नाही. नाटकाने ती पहिल्या पाच-दहा मिनिटांत, त्याचे तोंडही आपण पाहिलेले नसताना, आपल्याच मनात घातलेली असते.

त्या रूपाशी बोलावयाचे कोणी? मार्सेलस म्हणतो, तू विद्वान आहेस, तूच बोल. भुताखेतांशी लॅटिनमध्ये बोलावे लागते आणि लॅटिन येते पंडिताला, ही त्या काळची समजूत. म्हणजे विद्यापीठाच्या पदवीधराला येथे पंचाक्षऱ्याच्या जागेवर उभे केले आहे. हे विद्यापीठही साधेसुधे नव्हे. ज्या विटेनबर्गमध्ये १५१७ साली ल्यूथरने पापक्षमेच्या चिठ्ठ्यांच्या व्यापाराविरुद्ध आवाज उठवला आणि मृतांसाठी जिवंतांनी करावयाच्या धर्मकृत्यांच्या साऱ्या इमारतीलाच तडा पाडला, तेथला हा विद्यार्थी. त्याच्या पोतडीत मंत्र नाहीत. तो त्या रूपाला स्वर्गाची आण घालून विचारतो खरा. पण विचारताना, डेन्मार्कच्या गाडल्या गेलेल्या राजाचे रूप आणि रात्रीची ही वेळ तू बळकावली आहेस, असा आरोपच त्याच्यावर ठेवतो. तोतया म्हणून हटकलेले भूत रुष्ट होऊन निघून जाते. प्रेक्षकाला अद्याप माहीत नाही, होरेशियोलाही माहीत नाही, की बळकावणारा आतमध्ये, राजवाड्यात, मेजवानी करीत बसला आहे, आणि ज्याच्यावर तो आरोप ठेवला त्याचेच सर्वस्व बळकावले गेले आहे. आरोप खरा, आरोपी चुकीचा. हाही या नाटकाचा पुढे वारंवार घडणारा प्रकार होय.

मधल्या वेळात शिपाई खाली बसतात, आणि राज्यात ही लगबग कशाची चालली आहे असे मार्सेलस विचारतो: रोज तोफा ओतल्या जात आहेत, परमुलखातून शस्त्रे खरेदी होत आहेत, आणि जहाजे बांधणाऱ्यांना रविवारची सुट्टीही उरलेली नाही. होरेशियो जुन्या तहनाम्याची हकीकत सांगतो. आताच्या राजाच्या थोरल्या भावाने नॉर्वेच्या राजाला द्वंद्वात मारले, शर्तीप्रमाणे त्याचा मुलूख घेतला, आणि आता त्या मृताचा मुलगा तो परत मिळवण्यासाठी वाट्टेल ती माणसे गोळा करतो आहे. हे संभाषण रंगभूमीवर बहुधा छाटतात, आणि ते लांबलेले आहेही. पण त्यात बापाच्या मृत्यूचा हिशेब चुकता करावयास निघालेला एक मुलगा आपल्याला भेटतो, तोही आपल्या नायकाच्या आधी; आणि शब्बाथ पाळण्याची आज्ञा मोडून रविवार आठवड्यात मिसळून टाकणारे एक राज्य भेटते. शिवाय या संभाषणात 'हॅम्लेट' हे नाव प्रथम उच्चारले जाते ते मृत राजाचे. नाव एकच, बापाचे आणि मुलाचे. ते आपण आधी मेलेल्याचे म्हणून ऐकतो, मग जिवंताचे म्हणून.

भूत दुसऱ्यांदा येते तेव्हा होरेशियो त्याची वाट अडवतो आणि त्याला तीन गोष्टी विचारतो. तुझ्या जिवाला आराम पडेल आणि करणाऱ्याला पुण्य लाभेल असे काही सत्कृत्य करण्याजोगे आहे काय, ही पहिली. देशावर येणारे, आधी कळल्यास टाळता येण्याजोगे एखादे संकट तुला ठाऊक आहे काय, ही दुसरी. जिवंतपणी अन्यायाने मिळवलेले धन कुठे पुरून ठेवले आहेस काय, ही तिसरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल फारसे बोलण्याचे कारण नाही, ते सर्व देशांच्या भुतांना विचारले जातात. पहिल्या प्रश्नापाशी मात्र थांबले पाहिजे, कारण मला वाटते या नाटकाची सगळी वेदना त्यात साठलेली आहे.

मध्ययुगीन ख्रिस्ती जगात मृत आणि जिवंत यांच्यातला व्यवहार मृत्यूने बंद पडत नसे. नरकाला पात्र नव्हे इतपत पापी असलेला सामान्य जीव मृत्यूनंतर परगेटरीत, म्हणजे शुद्धिलोकात, आगीत जळून निर्मळ होत राही. आणि त्याची मुदत कमी करणे मागे राहिलेल्यांच्या हाती असे. प्रार्थना, दानधर्म, मृताच्या नावाने म्हटली जाणारी मिसा, हे त्याचे साधन. सधन माणसे मृत्युपत्रात जमिनी आणि उत्पन्ने तोडून देत, म्हणजे एखादा पुरोहित त्यांच्या जिवासाठी कायम मिसा म्हणत राही. त्या काळच्या कथांतली भुते परत येत ती बहुधा हेच मागावयास: माझ्यासाठी एवढ्या मिसा म्हणवा, अमक्याचे देणे राहिले आहे ते द्या, आणि मला सोडवा. पिंडाला कावळा शिवेना म्हणजे आपल्याकडे दर्भ हातात घेऊन घरचा कर्ता, मुलीचे लग्न करून देतो, कर्ज फेडतो, अशी एकेक हमी मृताला देत उभा राहतो, त्याच्या मनात जे असते तेच होरेशियोच्या पहिल्या प्रश्नात आहे. तुझे काय राहिले आहे ते सांग, आम्ही करतो.

परंतु इंग्लंडात हे विचारण्याची सोय उरलेली नव्हती. मृतांच्या मिसांसाठी लावून दिलेली ती सारी इनामे सहाव्या एडवर्डच्या पार्लमेंटने १५४७ साली एका कायद्याने खालसा केली. आणि एलिझाबेथच्या कारकिर्दीत निश्चित झालेल्या इंग्लिश चर्चच्या ३९ कलमांपैकी २२ व्या कलमाने, शुद्धिलोकाचा सिद्धांत ही बायबलात आधार नसलेली पोकळ कल्पना आहे, असे ठरवून टाकले. शेक्सपिअर जन्मला १५६४ साली. त्याच्या वडिलांच्या पिढीने लहानपणी आपल्या आजोबांसाठी मिसा ऐकल्या असतील; त्या पिढीच्या मुलांना आईबापांसाठी तेवढेही करता येणार नव्हते. कायद्याने जमीन खालसा होते, दुःख होत नाही. झुरिकचा धर्मोपदेशक लुडविग लाव्हाटर याच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १५७२ साली निघाले. त्याचे म्हणणे असे की मेलेल्याचा आत्मा परत येतच नाही, जे दिसते ते बहुधा सैतानाचे सोंग, क्वचित देवदूत, पुष्कळदा निव्वळ भ्रम किंवा लबाडी. रेजिनल्ड स्कॉट याने १५८४ साली त्याही पुढे जाऊन असल्या बहुतेक प्रकरणांची जबाबदारी भोंदूपणावर आणि विकृत कल्पनेवर टाकली.

डोव्हर विल्सन यांनी १९३५ साली या मतमतांतराच्या आधारे पहिल्या प्रवेशाची मोठी उद्बोधक छाननी केली आहे, आणि प्रत्येक पात्राला त्याचा त्याचा पंथ वाटून दिला आहे. शिपाई जुन्या श्रद्धेचे, होरेशियो स्कॉटच्या पठडीतला संशयवादी, हॅम्लेट प्रॉटेस्टंट मताचा. ही वाटणी सोयीची आहे, पण होरेशियो दिलेल्या खणात बसत नाही. सुरुवातीला भास म्हणून हसणारा हा माणूस अर्ध्या घटकेत जुन्या श्रद्धेच्या म्हाताऱ्याप्रमाणे, तुझ्या शांतीसाठी काय करू, असे विचारू लागतो. विटेनबर्गने त्याला जे शिकवले त्यात या प्रश्नाला जागा नाही. तरी समोर मृत उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडून निघाला तो हाच. माणसाचा अभिप्राय आणि माणसाची गरज यांच्यातले अंतर दाखवावयाचे तर याहून प्रामाणिक उदाहरण मला ठाऊक नाही. आणि उत्तराच्या ऐन क्षणी कोंबडा आरवतो. भूत बोलावयास तयार झाले होते असे बर्नार्डो म्हणतो. ते अडखळते, मार्सेलस त्याच्यावर बरची चालवतो, दोघे तिघे इकडे आहे, तिकडे आहे असे ओरडत वारा कापत राहतात, आणि ते नाहीसे होते. लगेच मार्सेलसला शरम वाटते. एवढ्या राजस गोष्टीवर आपण हत्यार उगारले, आणि तेही हवेवर. क्षणापूर्वी ज्याला विनवले त्याच्यावरच, ते उत्तर देईना म्हणून, शस्त्र चालवावयाचे, हा मनुष्यस्वभाव पडद्यामागे उभ्या असलेल्या पोलोनियसला पुढे चांगलाच भोवतो.

मग मार्सेलस एक लोकसमजूत सांगतो. ख्रिस्तजन्माच्या सणाच्या सुमारास कोंबडा रात्रभर आरवतो, त्या रात्री पवित्र असतात, भुते बाहेर पडत नाहीत, ग्रह बाधत नाहीत, चेटूक चालत नाही. साऱ्या नाटकात एवढी निर्मळ जागा दुसरी नाही. होरेशियोचे यावरचे उत्तर असे, की हे आपणही ऐकले आहे आणि काही अंशी त्यावर आपला विश्वास आहे. काही अंशी! श्रद्धेचे असे अपूर्णांक धर्मपीठाला मान्य नसतात, बुद्धिवाद्यालाही नसतात. पण जुना धर्म गेला आणि नवा अद्याप अंगवळणी पडला नाही अशा पिढीची धर्मस्थिती त्या दोन शब्दांइतकी नेमकी सांगता येणार नाही. यानंतर तो पूर्वेच्या उंच टेकडीवर चढणाऱ्या पहाटेचे सुंदर वर्णन करतो. डेन्मार्कमधला सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम १७० मीटर आहे हे पाहता एल्सिनोरला ही टेकडी कोठून आली हा भूगोलाच्या मास्तरांचा प्रश्न. आपण तो त्यांच्यावरच सोपवू.

पाचव्या प्रवेशात भूत हॅम्लेटशी एकांतात बोलते, आणि आपण ज्या आगीत आहोत तिचे जे वर्णन करते ते स्पष्टपणे शुद्धिलोकाचे आहे. पापनिवेदन नाही, अंत्यलेपन नाही, शेवटचा प्रसाद नाही, अशा स्थितीत आपल्याला मारले, ही त्याची तक्रार. म्हणजे होरेशियोच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास ते सर्वथा पात्र होते. एवढ्यावरून कोणताही जुना श्रोता पुढच्या वाक्यात मिसांची मागणी अपेक्षील. ते मागते सूड. स्वतः पापक्षालनाच्या आगीत होरपळणारा जीव आपल्या मुलाला महापातक करावयास सांगतो, आणि त्याने आपली सुटका होईल असेही सांगत नाही. केवळ आठवण ठेव म्हणतो. शास्त्राच्या दृष्टीने ही विसंगती आहे, आणि ती शेक्सपिअरच्या ध्यानात आली नसेल असे मानावयास मी तयार नाही. मृतासाठी करावयाचे जे सौम्य आणि विहित होते ते सारे राज्याने रद्द केलेले आहे, मृताची हाक मात्र रद्द झालेली नाही. तेव्हा देण्यासारखे उरले ते रक्त. या नाटकात एकाही मृताचे क्रियाकर्म धड पार पडत नाही. राजाच्या अंत्यविधीचे उरलेले पदार्थ लग्नात वाढले जातात, पोलोनियसला घाईघाईने गुपचूप पुरतात, ओफेलियाच्या दफनाला पुरोहित अपुरे विधी करतो आणि तिचा भाऊ खड्ड्यापाशी उभा राहून, आणखी काही विधी नाही काय, असे पुन्हा पुन्हा विचारतो.

हे नाटक मराठीत आणणाऱ्यांत गोपाळ गणेश आगरकर होते, हा योग मला नेहमी विचारात पाडतो. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यापायी टिळक आणि आगरकर यांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, आणि पुढच्याच वर्षी आगरकरांचे 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले. हॅम्लेट त्यात चंद्रसेन झाला, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी त्या चंद्रसेनाला महाराष्ट्रभर नेले. ज्या बुद्धिवाद्याच्या नावाने सनातन्यांनी तो जिवंत असताना पुण्यात प्रेतयात्रा काढली, त्याने भुताच्या नाटकाचे भाषांतर करावे यात नियतीचा काही विनोद आहे खास. नाटकाला दिलेल्या नावावरून तरी असे दिसते की त्यांना येथे मनोविकारांचा खेळ दिसला, आणि तो आहेही. पण पहिला प्रवेश त्या अर्थाला सहज शरण जात नाही. नायकाचा विकार जागा होण्याच्या कितीतरी आधी, ज्यांना त्या घराण्याच्या सुखदुःखाशी काही कर्तव्य नाही अशा तीन शुद्धीवरच्या माणसांनी ते रूप पाहिलेले आहे. पुढे राणीच्या महालात ते फक्त हॅम्लेटला दिसते, राणीला दिसत नाही. तेथे मानसशास्त्राला वाव आहे. आरंभी तो दिलेला नाही. त्यातच १८८० साली किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने नांदी आणि सूत्रधार यांची संस्कृत परंपरा मराठी रंगभूमीवर नुकतीच दिमाखाने उभी केली होती. तीत नाटकाच्या दारातच देवतेचा आशीर्वाद मिळतो, सूत्रधार कवीचे नाव सांगतो, आणि विश्वाची घडी नीट आहे याची हमी घेऊनच प्रेक्षक आत जातो. अशा प्रेक्षकाला या पहाऱ्यावर, उत्तर न देणाऱ्या एका चिलखतापुढे, उभे करणे हे आगरकरांनी केलेले धाडस त्यांच्या निबंधांतल्या धाडसाहून कमी नव्हते.

हॅम्लेट परीक्षा घेतो. नाटकाचा खेळ लावून चुलत्याचा चेहरा पारखतो, चुलता उठून जातो, आणि भुताचा शब्द खरा ठरला म्हणून हॅम्लेट हर्षभरित होतो. पण सिद्ध काय झाले? चुलता खुनी आहे, एवढेच. सांगणारा कोण होता, हा पहाऱ्यावरचा प्रश्न जेथल्या तेथे आहे. कारण नाश करावयाचा असला म्हणजे अंधारातल्या शक्ती खरेही सांगतात, हे शेक्सपिअरने 'मॅक्बेथ'मध्ये बँकोच्या तोंडून निराळे सांगितलेले आहे. सॅक्सो या डॅनिश इतिहासकाराने लिहिलेल्या मूळ कथेत खून उघड होता, सर्वांना ठाऊक होता, भुताची गरजच नव्हती; हे ज्ञान केवळ परलोकातून यावे आणि त्याचा दाता अनिश्चित असावा, ही नाटकातली योजना. भुताने सांगितलेले सगळे खरे निघाले आणि आठ माणसे मेली. वडिलांच्या जिवाला त्याने आराम पडला की नाही, याबद्दल शेवटच्या अंकात कोणी चकार शब्द काढीत नाही, हॅम्लेटही नाही. होरेशियो तेवढा उरतो. नॉर्वेचा फॉर्टिन्ब्रास ऐन वेळी दारात येऊन उभा राहतो, राज्य आयते त्याच्या पदरात पडते, आणि झाल्या प्रकाराचे निवेदन करण्याचे काम होरेशियोकडे येते. अनैसर्गिक कृत्ये, आंधळे न्याय, चुकून झालेल्या हत्या, रचणाऱ्यावरच उलटलेली कारस्थाने, असा गोषवारा तो नव्या धन्यापुढे ठेवतो. त्यात भुताचे नाव नाही. ते त्याने मुद्दाम गाळले, की असला साक्षीदार कोणत्याही दरबारच्या दप्तरात दाखल करून घेत नाहीत हे त्याला उमगले होते, याचा खुलासा नाटकात नाही. फॉर्टिन्ब्रास हॅम्लेटला सैनिकी इतमामाने उचलण्याचा हुकूम सोडतो आणि तोफा उडतात.